दोरी ओढणार कोण?

झोप ही फुकट मिळणारी वस्तू आहे असं जे म्हणतात, त्यांना ती फुकट मिळत असते, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना मिळत नाही ते तिच्यासाठी काय काय मोजतात, हे कुठल्याही औषधाच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. इंग्रजी पुस्तकांतला झोप न येणारा माणूस मेंढ्या मोजतो म्हणे. आपल्याकडे मेंढ्या कुठल्या? आपला माणूस फ्लॅटच्या कर्जाचे राहिलेले हप्ते मोजतो आणि होती नव्हती ती झोपही घालवून बसतो.

इतिहासकारांनी मात्र या विषयाकडे पाठ फिरवलेली दिसते. लढाया आहेत, तह आहेत, सनावळ्या आहेत. पण सकाळी तहावर शिक्का उठवणाऱ्या राजाला आदल्या रात्री झोप लागली होती की नाही, हे बखरकार सांगत नाही. माझ्या मते निम्म्या तहांची कारणं तिथेच सापडतील. जागरणाने डोळे चुरचुरणारा माणूस कशालाही मान डोलावतो. आमच्या सोसायटीचे सगळे अवघड ठराव रात्री साडेअकरानंतरच मंजूर होतात, ते काय उगीच?

या इतिहासात मी शिरलो तो आमच्या अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, वय वर्षं ८४. जन्म वाईचा, नोकरी वाईची, आणि आई जाईपर्यंत मुक्कामही वाईचाच. ती गेल्यावर वाड्याला कुलूप घालून ते आमच्याकडे पुण्याला आले, ते एक पंचांग, एक अडकित्ता आणि झोप येत नसल्याची तक्रार घेऊन. डॉक्टरांनी गोळी दिली. तिने झोप यायची, पण ती सकाळी दहापर्यंत जायची नाही; आणि एका रात्री बाथरूमला जाताना अण्णांचा तोल गेला. भिंत जवळ होती म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली. मग घरगुती उपाय सुरू झाले. दुधात जायफळ झालं, तळपायांना तूप लावून काशाची वाटी झाली, शवासन झालं. शवासनात मला झोप लागली. अण्णा जागेच.

शेवटी त्यांनी स्वतःच निदान केलं. म्हणाले, "अरे, तुमचा पलंग हलत नाही."

पलंग हलतो म्हणून फर्निचरवाल्याशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हलत नाही ही तक्रार नवीन होती. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हलणारा होता की एक. मागच्या दिवाळीत तुम्हीच तो भंगारवाल्याला दिलात."

पण अण्णा थट्टा करत नव्हते. वाईच्या वाड्याच्या सोप्यात झोपाळा होता. शिसवी फळी, पितळी कड्या. अण्णांची दुपारची झोप आणि उन्हाळ्यातली रात्रीचीही झोप पन्नास वर्षं त्याच फळीवर झाली. व्युत्पत्तीचे पंडित काहीही म्हणोत, झोपाळा या शब्दात झोप अगदी सुरुवातीलाच आडवी पडलेली आहे. तेव्हा वडिलांसाठी झुलता पलंग करायचा असं मी ठरवलं. आणि मध्यमवर्गीय माणूस कुठलीही गोष्ट करायच्या आधी जे करतो ते केलं. पुस्तकं आणून वाचत बसलो.

वाचल्यावर लक्षात आलं की अण्णांच्या बाजूला फार मोठी माणसं आहेत. पहिला साक्षीदार खुद्द प्लेटो. इसवी सनापूर्वीच्या ४थ्या शतकात त्याने 'लॉज' नावाचा ग्रंथ लिहिला. आदर्श राज्याचे कायदे कसे असावेत यावर हा गृहस्थ शेकडो पानं लिहितो, आणि सातव्या भागात एकदम पाळण्यापाशी येऊन थांबतो. तान्ह्या मुलांना, शक्य असेल तर, सदा समुद्रावर असल्यासारखं हलतं ठेवावं, असं त्याचं मत. पुढे तो म्हणतो की रडणाऱ्या मुलाला झोपवताना आया त्याला निश्चल ठेवत नाहीत, हलवतात. गप्प बसत नाहीत, गातात. अंगात आलेल्या माणसांना वाद्यं वाजवून, नाचवून शांत करतात, त्यातलाच हा प्रकार, असंही तो सांगतो. आतली खळबळ बाहेरच्या हालचालीने शमते, असा त्याचा हिशोब. तत्त्वज्ञांच्या राजाला हे बायकांकडे बघून सुचलं आणि त्याने ते कबूल केलं, ही मला त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

इसवी सनाच्या २ऱ्या शतकातला रोमचा नामवंत वैद्य गेलन. त्यानेही दायांकडूनच धडा घेतला. रडणाऱ्या मुलावर त्यांच्यापाशी तीन औषधं असतात: दूध, बेताचा झोका आणि आवाजातली लय. पुढच्या अठरा शतकांत या यादीत विशेष भर पडलेली नाही. फक्त तिसऱ्या औषधाची जागा आता मोबाइलने घेतली आहे.

पुरावाही आहे. इटलीत इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा पाँपेईबरोबर हर्क्युलेनियम नावाचं शेजारचं गाव गाडलं गेलं. तिथल्या उष्णतेने लाकूड जळून राख व्हायच्या ऐवजी कोळसा होऊन टिकलं. त्यात एक पाळणा सापडला. खाली वक्र पाय, म्हणजे एका हाताने हलवला की डुलणारा. आत तान्ह्या मुलाच्या अस्थी होत्या. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू. पण कुठल्याही सुताराला दाखवली तर ती कशासाठी आहे हे तो न विचारता सांगेल.

हे सगळं तान्ह्या मुलांचं झालं. अण्णा ८४ वर्षांचे. तेव्हा मोठ्या माणसांनी कधी झुलत झोप घेतली का, हे बघणं भाग होतं. तर कोलंबस १४९२ साली आशियाचा पत्ता शोधत भलत्याच बेटांवर उतरला, तिथली माणसं सुताच्या जाळ्या दोन टोकांना बांधून त्यांत झोपलेली त्याने पाहिली. तिथल्या ताइनो लोकांचा शब्द 'हामाका'. त्याचं इंग्रजीत हॅमॉक झालं. खलाशांना ही कल्पना एवढी आवडली की १५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने ती अधिकृतपणे उचलली. पुढे त्या आरमारात माणशी जागा ठरली ती चौदा इंच. चौदा इंच म्हणजे दादरच्या पुलावर संध्याकाळी मिळते त्याहून थोडी कमी. पण यातली खरी गंमत वेगळीच आहे. वादळात जहाज डुलतं आणि टांगलेला हॅमॉक जागच्या जागी राहतो. म्हणून खलाशी खाली पडत नाही. म्हणजे त्याला झोका देत नाहीत, त्याचा झोका काढून घेतात! समुद्राने जास्तीचा दिलेला असतो ना.

आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी झोपाळा होता, पण तो घरी टांगायला तुळई असलेल्यांचा. ज्यांना तुळई नव्हती त्यांनी बाभळीच्या फांदीला लुगडं बांधलं आणि मुलाला झोळीत घालून ऊस तोडायला गेले. येताजाता आई झोळीला एक धक्का देते. ज्यांना घरातूनच काम असे त्या बायका पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हाताने तांदूळ निवडत. दोन हात, एक अंगठा. वेगळी माणसं कामाला ठेवावी लागत नव्हती.

एवढ्या सगळ्यांनी, एवढ्या देशांत, एवढी वर्षं जे केलं ते चांगलंच असणार, असं तुम्हा-आम्हाला वाटतं. शास्त्रज्ञांना तसं वाटत नाही. तीच त्यांची नोकरी आहे. १९व्या शतकाच्या शेवटी पाश्चात्त्य डॉक्टरांनी पाळण्यावर खटला भरला. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मुलांच्या संगोपनावर प्रश्नोत्तरांचं एक छोटं पुस्तक काढलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यात त्यांनी निकाल दिला की मुलाला झोके देण्याची मुळीच गरज नाही. ही सवय लागते चटकन, सुटता सुटत नाही, उपयोग काही नाही आणि कधी कधी अपायही होतो. झालं. शिकलेल्या घरांतून पाळणा माळ्यावर गेला आणि चार पायांवर ठाम उभी असलेली, कठड्यांची खाट आली. डुलणारं सगळं अडाणी, न डुलणारं सगळं आधुनिक. याच सुमारास भाषणांतून मात्र पाळण्याची दोरी धरणाऱ्या हाताचा गौरव जोरात चालू होता. हाताचा सत्कार आणि दोरी जप्त, असा प्रकार.

गंमत म्हणजे, मुलांचा झोका काढून घेणारे लोक मोठ्यांना हलवायची यंत्रं शोधतच होते. याची सुरुवात शंभर वर्षं आधी झालेली दिसते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन डॉक्टर होते. आपल्या 'झूनोमिया' या ग्रंथात त्यांनी एक हकिकत दिली आहे. कालवे बांधणारे प्रसिद्ध इंजिनियर ब्रिंडली यांनी ती त्यांना सांगितली. एक माणूस धान्याच्या चक्कीच्या मोठ्या दगडावर आडवा झाला, दगड हळूहळू फिरवायला लावला, आणि त्याला फिरता फिरता झोप लागली म्हणे. म्हणजे जात्यावर झोप! आपल्याकडे पहाटे जात्याच्या घरघरीवर ओव्या ऐकत मुलं झोपली ती शेजारी, आईच्या मांडीवर. जात्यावर जाऊन निजायचं कोणाला सुचलं नाही.

१९३२ साली इंग्लंडमधल्या हल गावचे डॉक्टर फ्रँक ईव्ह यांनी झोक्याला वेगळ्याच कामाला लावलं. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्याला त्यांनी खालीवर झुलवलं. डोकं खाली गेलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात, श्वास बाहेर. पाय खाली गेले की ते अवयव उतरतात, श्वास आत. या साध्या युक्तीवरून पुढे पोलिओच्या साथींत विजेवर चालणारे झुलते पलंग रुग्णालयांत आले आणि लोखंडी फुफ्फुसातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी रोग्यांचा श्वास त्या पलंगांनी चालू ठेवला. हा भाग वाचताना मात्र माझी थट्टा थांबली. पाळण्याच्या खटल्यात याहून मोठा साक्षीदार कुठला?

आणि शेवटी अमेरिका. तिथे १९५८ साली पलंगाला लावायचं थरथरणारं यंत्र निघालं आणि मोटेलांच्या खोल्यांत बसलं. पेटीत पाव डॉलरचं नाणं टाकायचं, पलंग पंधरा मिनिटं थरथरणार. पंधराव्या मिनिटाला डोळा लागला की पलंग थांबणार, आणि गिऱ्हाईक जागं होऊन खिसे चाचपणार. धंदा म्हणून यात खोट काढता येणार नाही.

पाळण्यावरचा खटला निकालात निघाला तो स्वित्झर्लंडमध्ये. २०११ साली जिनिव्हाच्या संशोधकांनी १२ पुरुषांना दुपारी पाऊण तास झोपवलं. एकदा स्थिर पलंगावर, एकदा हळूहळू झुलणाऱ्या. झुलणाऱ्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली आणि ती अधिक गाढ असल्याच्या खुणा मेंदूच्या आलेखात उमटल्या. जिनिव्हात वामकुक्षीवर संशोधन होतं आणि पुण्यात तिच्यावर विनोद होतात, हा आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक. २०१९ साली त्यांनी १८ जणांना रात्रभर झुलवलं. गाढ झोपेचा काळ वाढला, मधली जाग कमी झाली, आणि रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी जास्त आठवल्या. त्याच वर्षी लोझान विद्यापीठातल्या मंडळींनी उंदरांना झोके दिले. उंदीरही लवकर झोपले. पण ज्या उंदरांच्या आतल्या कानात ते बारीक चुन्याचे खडे काम करत नव्हते, त्यांच्यावर झोक्याचा काहीच परिणाम झाला नाही. हे खडे तुमच्या-माझ्याही कानांत आहेत. शरीर हललं की ते सरकतात आणि मेंदूला कळवतात. म्हणजे अंगाईचं काम कान करतात हे आपल्याला माहीत होतं; झोक्याचंही कानच करतात, हे कळायला उंदरांना पाळण्यात घालावं लागलं.

मी हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

आता प्रश्न पलंगाचा. जिनिव्हाच्या झोक्याचं माप स्पष्ट होतं: चार सेकंदांना एक झोका, आणि सरक इकडून तिकडे साधारण साडेदहा सेंटिमीटर. आमची कन्या बी.एस्सी.ला आहे. तिने वहीच्या मागच्या पानावर लंबकाचं गणित मांडलं. झोक्याला किती वेळ लागणार हे फक्त दोरीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. म्हणजे फळीवर अण्णा बसोत, नाहीतर आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, वेळ तोच. पाळण्याची दोरी पाच फूट धरली, तर झोका अडीच सेकंदांचा. वाईच्या झोपाळ्याच्या कड्या सात फूट, म्हणजे तीन सेकंद. आणि चार सेकंद हवे असतील तर दोरी पाहिजे तेरा फूट.

आमच्या फ्लॅटची उंची साडेनऊ फूट. मुलगी म्हणाली, "बाबा, अजोबांना खालच्या मजल्यावरच्यांच्या घरात टांगावं लागेल." शिवाय स्लॅबला भोकं पाडायची म्हणजे सोसायटीची परवानगी, आणि ती मीटिंग साडेअकरापर्यंत लांबवणं कोणाच्याच तब्येतीला झेपलं नसतं.

पण गणित दार बंद करतं तसं खिडकीही उघडतं. तिनेच सांगितलं की टांगायचीच गरज नाही. चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा लाकडात कोरायचा आणि त्या खाचेत पलंगाची चाकं बसवायची. चाकांना वाटतं आपण तेरा फुटी दोरीला लटकलो आहोत. हर्क्युलेनियमच्या पाळण्याचे वक्र पाय हे याचेच चुलते. आम्ही मिस्त्रींना बोलावलं. कागद बघून ते म्हणाले, "दोन फुटांच्या लाकडात सव्वा सेंटिमीटरसुद्धा खोल नाही? साहेब, याला खाच म्हणत नाहीत, याला लाकूड वाकलं म्हणतात." तरीही त्यांनी सागवानाचे चार तुकडे, पत्र्याचा साचा लावून, असे तासले की बोट फिरवताना लोण्यावरून फिरल्यासारखं वाटावं. चाकांना लहानपणीच्या गाड्याला लावायचो तशी बेअरिंगं आणली. पलंग एका बाजूने कलंडू नये, भिंतीवर आपटू नये म्हणून दोन्हीकडे अडसर ठोकले. खुर्चीच्या उंचीचा पलंग आम्ही गुडघ्याच्याही खाली आणला. तोल जाण्याचा प्रसंग एकदा झाला होता, तेवढा पुरे होता. आणि अण्णांना चढता-उतरताना पलंग हलू नये म्हणून मिस्त्रींनी आपणहून एक खुंटी दिली: खुंटी आत, पलंग गप्प; खुंटी बाहेर, वाई.

रविवारी सकाळी पलंग उभा राहिला. अण्णा आडवे झाले, मी खुंटी काढून हलकाच धक्का दिला. मुलगी घड्याळ घेऊन उभी. एक, दोन, तीन, चार. बरोबर चार सेकंद! मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. पाच झोके झाले, सहा झाले, आणि पलंग थांबला. गणितातल्या चाकांना घर्षण नसतं, बाजारातल्या असतं.

तेव्हा आम्हा सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं की प्लेटोपासून जिनिव्हापर्यंतच्या इतिहासात एक माणूस कायम हजर आहे आणि त्याचं कुठे नाव नाही. दोरी ओढणारा.

आजच्या पद्धतीप्रमाणे आम्ही आधी त्याच्या जागी मोटर लावली. जुन्या बाजारातून मोटारीच्या वायपरची मोटर आणली. ती मिनिटाला पंचेचाळीस फेरे घ्यायची, आम्हाला हवे पंधरा. म्हणून एक लहान आणि एक तिप्पट मोठी पुली. सगळं हिशोबात बसलं. मोटर सुरू केली. पलंग इमानेइतबारे चार सेकंदांना एक झोका घेऊ लागला आणि खोलीत अशी घरघर सुरू झाली की जणू पावसात पसरणीचा घाट चढतोय. अण्णांनी दहा मिनिटं सहन केलं. मग म्हणाले, "अरे, हा झोका आहे की एस.टी.?" मी म्हटलं, "अण्णा, एस.टी.त तर तुम्हाला गाडी स्टँडवरून हलायच्या आत झोप लागायची." त्यावर ते म्हणाले, "हो, पण तेव्हा तिकीट काढून तुझी आई शेजारी जागी बसलेली असायची. सामान कोण सांभाळणार?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं. वाईला दुपारी आई सोप्यात पाटावर बसून भाजी निवडायची आणि पायाने झोपाळ्याला धक्का द्यायची. अण्णांना झोप लागली असं वाटलं की थांबायची. ती थांबली की अण्णांना जाग यायची. "पन्नास वर्षं," अण्णा म्हणाले, "तिला वाटायचं माझी झोप सावध आहे."

हे काही जिनिव्हाच्या आलेखात उमटणारं नव्हतं. तिथले अठराही जण तरुण होते आणि मुळातच चांगले झोपणारे होते. म्हणजे भरल्यापोटी पंगतीला बसवलेले. माझ्या वडिलांना तीन सेकंदांऐवजी चार सेकंदांचा झोका मिळाला, एवढ्यावर भागणार नव्हतं.

मोटर काढून टाकली. पलंगाच्या पायाला पडद्याची दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या खुर्चीपाशी आणलं. आता रात्री दहाला मी दोरी धरतो. चार सेकंदांचा ठेका मनातल्या मनात मोजायचा आणि हलकेच ओढायचं. जोर अजिबात लागत नाही. पहिली पंधरा मिनिटं अण्णा बोलतात: वाड्याच्या हिश्श्यांबद्दल, कृष्णेच्या पुराबद्दल, आणि आईबद्दल, जे ते आजवर माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग वाक्यं तुटायला लागतात. झोप वाढली का? वाढली असं मी सांगतो, तेवढीच वाढली असं ही सांगते. पहिला प्रहर शांत जातो. दोनच्या सुमाराला अजून जाग येतेच. पण आता ते मला उठवत नाहीत, खुंटीही काढत नाहीत, पंचांगाची पानं चाळत पडून राहतात. गोळी परत सुरू करावी लागलेली नाही. कधी कधी दोरी ओढता ओढता मलाच बसल्या जागी डुलकी लागते. मग पलंगावरून हाक येते, "अरे, जा आता. नीट आडवा हो."

तिरुपतीला रात्रीच्या शेवटच्या सेवेत देवाला साखळ्यांनी टांगलेल्या पलंगावर निजवतात आणि अन्नमाचार्यांच्या ताळ्ळपाक घराण्यातले लोक त्याला अंगाई गातात. ही परंपरा शतकांची आहे. सगळ्या विश्वाचा भार वाहणाऱ्यालाही झोपताना टांगलेला पलंग लागतो आणि त्याच्यापाशी कोणीतरी जागं लागतं, हे आपल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. देव झोपला की तो गाणारा घरी जातो. त्याला झोपवायला कोण असतं, हे कोणी विचारत नाही.

त्या हर्क्युलेनियमच्या पाळण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. लाकूड कुठलं, जोड कसे, वक्र पाय कसे, सगळं मोजून झालं. तो हलवणारा हात कोणाचा होता, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. ती आई असेल, आजी असेल, एखादी विकत घेतलेली दासी असेल. मी एवढंच पैजेवर सांगतो: मूल झोपलेलं होतं, तेव्हा ती जागी होती.